मंगळाचे न दिसलेले चंद्र

मंगळाशी उघड भांडण मांडून बसलेला माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच होता, आणि तो नेमका माझ्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. कोर्टातली कारकुनी संपल्यावर त्यांनी काच घासघासून दुर्बिणीचा आरसा केला, तो पत्र्याच्या नळकांड्यात बसवला आणि घरापुढच्या खळ्यातल्या माडाच्या खुंटावर असं काही धूड उभं केलं, की नवा पोस्टमन कुंपणाच्या दगडी गडग्याबाहेरूनच माघारी गेला. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मंगळाचे दोन चंद्र बघायला. या दुर्बिणीतून ते दिसणं शक्य नाही, असं कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी बजावलं, तर आतोबा म्हणाले, "तुम्ही मंगळाचे कोण लागता?"

त्या चंद्रांच्या शोधाची कथा ते येईल त्याला ऐकवत. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतला एक ज्योतिर्विद मंगळाभोवती शोधून शोधून थकला. त्या झगझगाटात काही दिसेना. तो नाद सोडायला निघाला, तर बायको म्हणाली, आणखी एकदा बघा. त्याने बघितलं आणि दोन्ही चंद्र सापडले. त्यांना नावं दिली भय आणि धास्ती. "मी तर दोघांना बघितल्याशिवाय घाबरायचा नाही," आतोबा म्हणत. "त्या बाईंचं बघा, नाहीतर आमची." लगेच आतून आत्याचा आवाज येई, "त्या मेल्या मंगळाला ठेवा तिथेच नि जेवायला या. भात निवतोय."

आत्याचा राग काही उगाच नव्हता. एकुलत्या एका सुधाच्या पत्रिकेत कडक मंगळ होता. अशा वेळी आमच्याकडची शहाणी माणसं गुपचूप दुसरी पत्रिका करून घेतात. गुरुजीही तयार होते. आतोबांनी मात्र पत्रिकेच्या डोक्यावर लाल शाईने लिहिलं, "मंगळ आहे. चंद्रांसकट." स्थळं तिथूनच परत जायची. सुधा हसण्यावारी न्यायची आणि आत्या देवापुढे रडायची. मला तर आतोबांचा संताप यायचा. पोरीचं वय काय थांबणार होतं?

अठ्ठ्याऐंशी साली मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला. दिवाळीच्या सुमारास दिवेलागणीलाच वर चढलेला दिसे, तांबडालाल. मंगळ चालेल म्हणणारी चार-दोन स्थळं नेमकी तेव्हाच आली. आतोबा नवऱ्यामुलाला पोह्यांआधी दुर्बिणीपाशी नेत आणि विचारत, "चंद्र दिसतात?" सासरा खूश व्हावा म्हणून प्रत्येक जण सांगे, "हो, दोन्ही दिसले." आतोबा पोहे देत आणि दुसऱ्या दिवशी नकार कळवत.

चिपळूणच्या इंजिनियरला नकार गेला, तेव्हा आत्याने अबोला धरला. "अगो, मला इतक्या वर्षांत दिसले नाहीत ते त्याला एका फटक्यात दिसले," आतोबा म्हणाले. "नाही ते बघणारा माणूस. उद्या दूध नासलं तरी त्याला सुधाचा मंगळच दिसेल."

मग मालगुंडचा एक शिक्षक आला. त्याने बराच वेळ डोळा लावला. "तांबडा ठिपका आहे, तोही हलतोय," तो म्हणाला. "चंद्र नाहीत."

"नीट बघ," त्याच्या वडलांनी दटावलं.

"नीटच बघतोय. नाहीत."

आतोबांनी घरात हाक मारली, "सुधा, पोहे आण गो."

लग्न झालं, सुधा मालगुंडला गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आत्याकडेच होतो. आतोबा ओटीवर बसून राहिले होते. दुर्बिणीवर गोणपाट तसंच होतं. "प्राध्यापकांचंच बरोबर असेल," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून असलं काही मी ऐकलं नव्हतं, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

आत्या हात पुसत बाहेर आली. खळ्यात गेली आणि तिने स्वतःच गोणपाट ओढून काढलं.

"भात निवू दे आज," ती म्हणाली. "आणखी एकदा बघा."