लिंबोणीला गाडी लागली

झाड सव्वादहाला येणार होतं. ते दहा बावीसला आलं. ड्रायव्हरकाकांनी घड्याळाकडे पाहिलं, मग टेम्पोवाल्याकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. सात मिनिटं लेट. चौतीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला सात मिनिटं म्हणजे काय, हे टेम्पोवाल्याच्या गावीही नव्हतं. त्याने खोकं फाटकाशी टेकवलं, सही घेतली आणि गेला.

खोक्यात कमरेएवढी लिंबोणी होती. मुलीने पाठवलेली. काका रिटायर होऊन दोन महिने झाले होते. ते दिवसभर फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत टोपी घालून बसत आणि गल्लीतल्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला नावं ठेवत. खिडकीकडचा त्यांचा हात पहिल्यापासून रापलेला होता. या दोन महिन्यांत दुसराही त्याला गाठत आला होता. बाबांना सांभाळायला काहीतरी हवं, असं मुलीच्या मनाने घेतलं.

झाडासोबत नर्सरीची चिठ्ठी होती. रोज सहा तास ऊन लागेल अशी जागा निवडा. आठ दिवसांत जमिनीत लावा. एकदा लावल्यावर हलवू नका.

काकांनी चिठ्ठी तीनदा वाचली. तिन्ही वेळा शेवटच्या ओळीवर त्यांचा पाय ब्रेकवर गेला.

"म्हणजे चुकलं तर?"

"चुकलं तर चुकलं," काकू म्हणाल्या. "भिंतीपाशी लावून टाका आणि आंघोळीला जा."

"असं कसं लावून टाका? हिला रिव्हर्स नाहीये!"

घर तळमजल्यावरचं. तिन्ही बाजूंनी चिंचोळं अंगण आणि चहूकडे उंच इमारती. ऊन यायचं ते तुकड्यातुकड्यांनी, आल्यासारखं करून निघून जायचं. सहा तास ऊन नेमकं कुठे पडतं हे काकांना ठाऊक नव्हतं, आणि अंदाजाने काही करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी सर्व्हे करायचं ठरवलं. समोरच्या शिंप्याकडे कापडाचे तागे हलवायची ढकलगाडी होती. ती त्यांनी मागितली.

"न्या की," शिंपी म्हणाला. "पण डावीकडे ओढते हं."

"चौतीस वर्षं डावीकडे ओढणारीच चालवली," काका म्हणाले.

लिंबोणी पिशवीसकट ढकलगाडीवर चढली. खोक्याच्या पुठ्ठ्यावर वेळापत्रक लिहिलं गेलं. टाकी, सात पन्नास. जिना, नऊ चाळीस. खिडकी, साडेअकरा. भिंत, सव्वा. त्यानंतर ड्युटी संपली की झाड खुर्चीमागे काकांच्या सावलीला उभं राहायचं. खुर्ची म्हणजे डेपो. डेपोत सर्व्हे करत नाहीत.

पहिल्या दिवशी काकूंनी चेष्टा म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताटलीवर चमचा दोनदा वाजवला. टण टण. काका निघाले. तिसऱ्या दिवसापर्यंत चेष्टा संपली होती. दोन टोले झाल्याशिवाय गाडी हलत नसे आणि एक टोला झाला की जागच्या जागी थांबे. वळणावर काका तोंडाने हॉर्न द्यायचे. फुटक्या फरशीवरून इतक्या हळू न्यायचे की पान हलायचं नाही.

गाडी म्हटली की प्रवासी आलेच. वरच्या मजल्यावरच्या आजींनी बटाट्यांची पिशवी ठेवली.

"मला जिन्यापाशी सोड रे बाबा."

"सामान पुढे ठेवा आजी. आणि तुम्ही चालत या, सीट नाही."

शिंप्याची मांजर टाकीला चढायची आणि खिडकीला उतरायची. रोज. फुकट.

आठ दिवस झाले. काकांनी मुदत वाढवली. मधे दोन दिवस ढगाळ गेले होते, ते धरायचे कसे? सर्व्हे काटेकोर होता, फक्त निष्पन्न काही होत नव्हतं. एकाही थांब्यावर दोन तासांच्या वर ऊन टिकत नव्हतं. पण खरं सांगायचं तर काकांची काही तक्रार नव्हती. सकाळी सात पंचेचाळीसला त्यांचे बूट बांधलेले असत. ते पुन्हा भांग पाडू लागले होते.

सोळाव्या दिवशी लिंबोणीची पानं पिवळी पडली. अठराव्या दिवशी गळू लागली. काकांनी पाणी वाढवलं. मग कमी केलं. मग वेग कमी केला. गळालेली पानं ते खिशात ठेवायला लागले, कुणाला दिसू नयेत म्हणून. काकूंना ती पँट धुताना दिसली. त्यांनी चिठ्ठीवरचा नंबर फिरवला.

नर्सरीवाली स्कूटरवरून आली. तिने ढकलगाडी पाहिली. पुठ्ठा पाहिला. मांजर पाहिली.

"हे काय?"

"सर्व्हे," काका म्हणाले.

तिने वाकून खोड तपासलं, पिशवी दाबून पाहिली आणि काकांकडे वळली.

"काका, हिला गाडी लागलीय."

काकांचा चेहरा उतरला. दोन गोष्टींचा त्यांना आयुष्यभर अभिमान होता. त्यांच्या हातून गाडीला कधी साधा ओरखडाही पडला नव्हता, आणि त्यांच्या बसमध्ये कधी कुणाला गाडी लागली नव्हती. आणि एका गोष्टीचं आयुष्यभर दुःख होतं, की ऐन तरुणपणी त्यांचे कोरे बूट खोक्यासकट बसमधून चोरीला गेले. या तिन्ही गोष्टी नर्सरीवालीलाही लगेच सांगण्यात आल्या.

"चौतीस वर्षांत एकाला नाही! एका माणसाला नाही!"

"मला लागली होती," काकू म्हणाल्या.

काका गर्रकन वळले.

"कधी?"

"लग्नानंतर पहिल्याच रविवारी. तुमच्या मागच्या सीटवर होते. तो वळणांचा रस्ता."

"बोलली नाहीस ती!"

"काय बोलू? तुम्ही आरशात बघून हसत होतात. जवळ खोकं होतं. झाकण लावलं आणि पुढच्या थांब्यावर टाकून दिलं."

"कसलं खोकं?"

काकू लिंबोणीकडे बघत राहिल्या. काकांना कळायला जरा वेळ लागला. मग ते खुर्चीत बसायला गेले.

"बसू नका," नर्सरीवाली म्हणाली.

तिने खुर्ची उचलून उलटी केली. खालून खुर्ची गडद निळी होती. वरून पांढरीफटक. तिने काकांचे दोन्ही हात पाहिले.

"ही नवी कधी घेतली?"

"रिटायर झालो तेव्हा."

"दोन महिन्यांत एवढा रंग उडाला? सहा तास काय, सात तास ऊन आहे इथे. कुदळ आणा. आज लागली नाही तर जाईल ही."

"ही माझी जागा आहे," काका म्हणाले. फार हळू म्हणाले.

काकांनी लिंबोणीच्या उरलेल्या पानांकडे पाहिलं. मग कुदळ आणली.

पिशवीच्या दुप्पट रुंद खड्डा झाला. नर्सरीवालीने ब्लेडने पिशवी चिरली. आतली मुळं पिशवीच्या कडेने गोल गोल वळली होती.

"बघा. ही पण फेऱ्या मारायला लागली."

काकांनी मान खाली घातली आणि बोटांनी एकेक मूळ सोडवलं. कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवला. शिंप्याने काठी रोवून चिंधी बांधली, सैल. काकांनी पायाने माती दाबली, जपून, प्रवासी उभे असताना ब्रेक दाबावा तशी.

पुढचे दिवस वाईट गेले. पानं गळतच राहिली. शेवटी चारच उरली. काका हात मागे बांधून समोर उभे राहायचे. दहादा हात पुढे यायचा, दहादा मागे जायचा. इथलं ऊन फारच होतंय का? जरा टाकीपाशी नेली असती तर? पण हलवायचं नव्हतं. सात पन्नासला रोज त्यांचे पाय आपोआप निघायचे आणि फाटकाशी थांबायचे. रिकामी ढकलगाडी जिन्याखाली उभी होती. खुर्चीही तिथेच होती, कारण तिला दुसरी जागाच नव्हती.

लावल्यापासून तेविसाव्या दिवशी सकाळी ताटली वाजली. टण टण.

काका स्वयंपाकघराकडे वळले. खिडकीत कुणी नव्हतं. काकू जिन्याखाली होत्या. खुर्ची ढकलगाडीवर चढवलेली, खुर्चीवर त्या स्वतः, मांडीवर ताटली आणि हातात चमचा.

"चला. फाटकापर्यंत."

"अगं, उतर! लोक बघतायत."

वरून आजी बघत होत्या. शिंपी बघत होता. मांजर आधीच चढली होती.

"हळू घ्या हं," काकू म्हणाल्या. "मला लागते."

चौतीस वर्षांत काकांनी इतक्या हळू काही चालवलं नव्हतं. फुटक्या फरशीशी ते थांबले, गाडी जराशी उचलली आणि पलीकडे ठेवली. वळणावर हॉर्न दिला. डावीकडे ओढू लागली तिथे सावरून घेतलं आणि दर चार पावलांना पुढे वाकून विचारलं, "बरं वाटतंय ना?"

"पुढे बघा," काकू म्हणाल्या.

फाटकाजवळ एक टोला पडला. गाडी थांबली. काकूंनी चमच्यानेच दाखवलं. चार पानांच्या वर, काडीच्या टोकाला, मुंगीएवढं काहीतरी हिरवं फुटलं होतं.

काका खूप वेळ वाकून बघत राहिले. शिंपी पलीकडून ओरडला, "काका, गाडी सोडा, लेट होतेय!"

"होऊ दे," काका म्हणाले.

मग त्यांनी काकूंना हात धरून उतरवलं. खोकं लागलं नाही.