लॅटिन गाण्यांचं दुकान आणि माझा पहारा

संशय घेणं हा माझा स्वभावच. अबुधाबीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याचा मला पगार मिळायचा. त्यामुळे माझी सोळा वर्षांची मुलगी दर गुरुवारी पाच वाजता "म्युझिक शॉप" एवढंच सांगून बाहेर पडू लागली, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

दुकान आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत, लाँड्रीला लागून. वसईचे एक म्हातारे कॅथलिक गृहस्थ ते वीसेक वर्षं चालवत होते. फक्त लॅटिन अमेरिकन संगीत: साल्सा, मांबो, बोलेरो. गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक हॉटेलांतल्या बँडचे वादक. साल्सा विकून अबुधाबीत कोणाचं पोट भरतं? आत दुसरंच काहीतरी चालत असणार. त्यात रेकॉर्डच्या कव्हरांवरच्या बायकांचे खांदे आणि पाय सेन्सॉरने काळ्या मार्करने रंगवून टाकलेले. असे फराटे मासिकांतही असायचे, आणि ती मी बिनदिक्कत घरी आणायचो. इथे मात्र मला तो पुरावा वाटला.

एका गुरुवारी दुकानासमोर गाडी लावून मी दबा धरून बसलो. मुलगी आत गेली, तासाभराने एकटीच बाहेर आली, हातात वही. एवढ्याने समाधान झालं असतं तर तो मी कसला! दुसरा कोणी मागच्या दाराने सटकला असेल.

मग मी शनिवारी ऑफिस सुटल्यावर गिऱ्हाईक बनून तिथे जाऊ लागलो. मागचं दार म्हणून जे होतं ते बाथरूमचं निघालं. तरी नको असलेल्या कॅसेटी घेत राहिलो. सहज विचारावं तसं विचारलं, "अंकल, कॉलेजची मुलं-मुली येतात का हो इथे?"

"येतात ना. हेडफोन लावून बसतात."

माझा संशय आणखी बळावला.

चौथ्या शनिवारी त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. "साहेब, तुमी त्या वहीवाल्या पोरीचे डॅडी ना?"

मी चाट पडलो.

"गाणी ऐकून स्पॅनिश शब्द लिवून घ्यायची. बाजूला कोण बसलाय, लक्ष नाय. मग एक दिवस तिने काचेतून तुमची गाडी बघितली. बोलली, 'अंकल, दॅट्स माय फादर. ही इज वॉचिंग मी.' लय रडली. नंतर आलीच नाय. खलास."

"पण ती दर गुरुवारी येते," मी म्हणालो. "परवासुद्धा आली होती."

"इथे नाय आली, साहेब."

ती खरोखरच जिथे जात होती, तिथून मीच तिला हुसकावून लावलं होतं. आता ती कुठे जाते हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कोणत्या तोंडाने, हेही कळत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती पाचला निघाली. ती गेल्यावर मी दुकानात जाऊन बसलो. सहापर्यंत दार तीनदा उघडलं, तिन्ही वेळा दुसरंच कोणी आलं.

ती घरी आली तेव्हा मी आधीच पोचलो होतो. विचारलं, "कुठे होतीस?"

तिने माझ्या नजरेला नजर भिडवली. "म्युझिक शॉप, बाबा. व्हेअर एल्स?"

मी "बरं" म्हणालो.