स्टेट
बातम्यांत ‘स्टेट’ शब्द ऐकला की मला शनवारा पेठेतल्या आमच्या घरातली, केळीच्या घडांच्या गोड वासाची बैठकीची खोली आठवते. संस्थानं विलीन होत होती आणि मास्तर असलेले सासरे आम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवत. मी चहाचे दोन कप घेऊन उभी होते, शेजारी इंदूरहून आलेली, कॉलेजात शिकलेली नवी जाऊ. सासऱ्यांनी विचारलं, “स्टेट म्हणजे काय?” “संस्थान,” मी झटकन म्हणाले. जाऊ हळूच म्हणाली, “मामंजी, राज्यही, अवस्थाही आणि सांगणंही. मूळ लॅटिनमधलं, उभं राहणं.” सासऱ्यांनी चष्मा काढला. “बैस बेटा, इथं खुर्चीवर बैस,” ते तिला म्हणाले. त्या खोलीत मला कधी कोणी बस म्हटलं नव्हतं. दुसरा कप तिच्या हातात देऊन मी स्वयंपाकघरात गेले. आता ती दोघंही नाहीत, घरात मीच मोठी आहे. हेवा तेवढा गेलेला नाही.