खिसे रिकामे करून घेतलेलं माप

माझा दादा शिंपी आहे, आणि शिंप्यांमध्येही जरा अतीच शिंपी आहे. गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी त्याचे खिसे रिकामे करायला लावतो. मोबाईल, पाकीट, किल्ल्या, रुमाल, सगळं टेबलावर. मग म्हणतो, "आता श्वास सोडा आणि सरळ उभे राहा." एका बँकवाल्याने एकदा विचारलं होतं, "अहो, पँट शिवायचीय की झडती आहे?" दादा हसला नाही. मापाच्या वेळी तो हसत नाही. रेडिमेड कपड्याच्या कॉलरमागचा नंबर कुणी सांगितला की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. "लेबल मला वाचून दाखवू नका, टेप लावू द्या," हे ठरलेलं. तीस वर्षांत त्याचा एकही कोट परत आलेला नाही, त्यामुळे त्याला समजवायला जाण्यात अर्थ नसतो.

दुकानामागच्या खोलीत तो राहतो, वरच्या मजल्यावर मी. मी शाळेच्या ऑफिसात कारकून. रात्रीचं जेवण आमचं एकत्र होतं. अशाच एका जेवणात त्याने जाहीर केलं की तो कॉम्प्युटर बनवणार आहे. विकत आणणार नाही, सुटे भाग आणून स्वतः जोडणार. तोही साधासुधा नाही, गेम खेळायचा.

"तुला मोबाईलमध्ये गजर लावता येत नाही," मी म्हटलं.

"ठमीसाठी," तो म्हणाला. पुढचं सगळं मी गिळलं.

ठमी म्हणजे त्याची मुलगी, पंधरा वर्षांची. चार वर्षांपूर्वी दादा आणि वहिनी वेगळे झाले, भांडणतंटा न करता, आणि ठमी आईबरोबर दुसऱ्या गावी गेली. दर वर्षी सुट्टीत आठ दिवस ती वडिलांकडे यायची. आली की तो तिचं माप घ्यायचा आणि ती निघेपर्यंत दोन ड्रेस शिवून द्यायचा. त्याच्या मापाच्या वहीत तिचं वेगळं पान आहे, दर वर्षाची एक ओळ. गेल्या वर्षी मात्र ती तिसऱ्याच दिवशी परत गेली. तिच्या चार मैत्रिणी रोज संध्याकाळी आपापल्या घरून एक गेम मिळून खेळतात, पाचवी ही. माझा जुना लॅपटॉप तो गेम उघडतानाच धापा टाकायचा. "माझ्यामुळे त्या हरतायत, आत्या," म्हणत तिने बॅग भरली. रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. आठ दिवस आहेत की, म्हणून दादाने माप घेणं उद्यावर ढकललं होतं. त्या वर्षीची ओळ कोरी राहिली. मग त्याने अंदाजाने एक ड्रेस शिवून पाठवला. ठमीने "छान आहे, बाबा" असं कळवलं. बाह्या आखूड झाल्यात, हे मला वहिनीने सांगितलं. मी दादाला सांगितलं नाही.

यंदा त्याने फोनवर विचारलं, "येतेस ना?" तर ती म्हणाली, "बघते."

'नाही' म्हणाली असती तर तो एकदाचा रडून मोकळा झाला असता. त्या 'बघते'ने त्याला जेवण गोड लागेना. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला त्याने डावीकडची काजं उजवीकडे केली. दिवसातून दोनदा मला विचारायचा, "येईल ना गं?" मी काय ज्योतिषी आहे? "येईल," म्हणायचे मी.

"मग जोडलेलाच आण ना दुकानातून," मी सुचवलं.

"रेडिमेड?" तो म्हणाला. "ठमीला?"

नव्या शिलाई मशीनसाठी त्याने पैसे बाजूला ठेवले होते. तेवढ्या पैशांत भारीतला नाही, पण मधला, बऱ्यापैकी कॉम्प्युटर होणार होता. चुकायला मात्र जागा नव्हती. सुट्या भागांच्या दुकानात मोठी पाटीच होती, सील फोडलेला माल परत घेतला जाणार नाही.

तीन आठवडे आमच्या जेवणात दुसरा विषय नव्हता. मी मोबाईलवर शोधायचे, वाचून दाखवायचे, तो मापाच्या वहीत लिहून घ्यायचा. पानावर नाव घातलं होतं, 'ठमीचं यंत्र'. मला वाटलं होतं त्याला यातलं काही झेपणार नाही. पण एकमेकांत न बसणाऱ्या वस्तू ही त्याला नवी गोष्ट नव्हती. घरगुती मशीनची सुई कारखान्याच्या मशीनला चालत नाही, एका कंपनीचं बॉबिन दुसऱ्याच्या केसमध्ये अडकतं, हे तो झोपेतही सांगेल. तेव्हा प्रोसेसर कुठल्याही मदरबोर्डवर बसत नाही, प्रत्येकाची बैठक वेगळी, हे त्याला एका वाक्यात कळलं. रॅमच्या नव्या पट्टीची खाच जुन्या बोर्डाच्या खाचेशी जुळत नाही, हेही. पॉवर सप्लाय किती वॉटचा लागेल याची बेरीज त्याने चारदा केली आणि वर थोडी माया ठेवली. माया म्हणजे शिवणीत आत दुमडून ठेवतात ते जास्तीचं कापड, पुढे कधी सैल करावं लागलं तर असावं म्हणून.

भीती मात्र कमी होईना. एक भाग ठरला की दुसरा हलायचा. गेमची चित्रं पडद्यावर उमटवणारं ग्राफिक्स कार्ड बदललं की पॉवर सप्लाय बदल, बोर्ड लहान घेतला की पुढे रॅम वाढवायला जागा नाही. "सगळं आणून जोडलं आणि चालूच झालं नाही तर?" तो विचारायचा. "ती येऊन बसेल आणि मी काय दाखवू तिला? खोकी?"

दुकानात मीही गेले होते. दुकानदार चष्मा कपाळावर ठेवून नुसते आकडे बोलणारा माणूस. बाकीचे भाग सुरळीत ठरले. मग कॅबिनेटची वेळ आली, म्हणजे ज्या पेटीत सगळं बसवायचं ती. दादाने खिशातून टेप काढला.

"अहो, पत्रकात लिहिलंय की, कार्डाला दोनशे पंचाण्णव मिलिमीटर जागा," दुकानदार म्हणाला.

"ते लेबल झालं," दादा म्हणाला. "हे पुढचे दोन पंखे काढा."

"कशाला?"

"माप रिकाम्याचंच घेतात."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याने पंखे काढले, दादाने टेप लावला. "तीनशे वीस! बघा, पंचवीस चोरत होते." आणि त्या खुशीत त्याने तीनशे पाच मिलिमीटर लांबीचं कार्ड निवडलं, कारण त्याच किमतीत ते जास्त ताकदीचं होतं. मी पत्रकावर बोट ठेवून म्हटलं, "दादा, इथे खरंच दोनशे पंचाण्णव लिहिलंय." त्याने मला गप्प केलं. दुकानदाराने पंखे वेगळ्या पिशवीत घालून दिले.

ठमीचा निरोप आला, शनिवारी सकाळी येते. किती दिवस, ते नव्हतं. शुक्रवारी दादाने दुकान बंद ठेवलं. कापड कापायच्या लांब टेबलावर चादर अंथरली, हात दोनदा धुतले. प्रोसेसर ठेवताना त्याने श्वास धरला होता, मीही. बोर्ड बसला, रॅम बसली, पॉवर सप्लाय बसला. पुढचे पंखे बसवून स्क्रू आवळले. शेवटी कार्ड.

कार्ड आत जाईना. एक टोक खाचेवर धरलं की दुसरं पंख्याच्या पाठीला टेकायचं. तिरकं करून पाहिलं, उलट बाजूने पाहिलं. मग त्याने टेप लावला.

"किती कमी पडतंय?" मी विचारलं.

"दहा मिलिमीटर." तो स्टुलावर बसला. "खिसे रिकामे करून माप घेतलं मी, आणि आता खिसे भरलेत."

मला इतका राग आला होता की विचारू नका. पत्रकावर बोट ठेवलं होतं मी! पण त्याचा चेहरा पाहिला आणि मी मोबाईल उचलला. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, सील फुटलंय, माझा नाइलाज आहे. पंखे काढूनच टाकले तर? पुढून हवाच आत जाणार नाही, खेळता खेळता तापून बंद पडेल, असंही तो म्हणाला. म्हणजे गेल्या वर्षीचाच लॅपटॉप नव्या पेटीत.

संध्याकाळी दादा जेवला नाही. "तिला सांग, काम निघालं, पुढच्या आठवड्यात ये म्हणावं," असं म्हणाला.

"तू सांग," मी म्हटलं. त्याने फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. पुढच्या आठवड्याला तिने पुन्हा 'बघते' म्हटलं असतं, हे त्यालाही माहीत होतं.

शनिवारी दहा वाजता ठमी आली. वीतभर उंच झाली होती. पाठीला फक्त शाळेचं दप्तर. मी त्या दप्तराकडे पाहिलं, दादाने पाहिलं, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहायचं टाळलं. आठ दिवसांचं सामान त्यात मावत नाही, हे शिंप्याला काय सांगायचं?

दादाने टेबलावर कापड झाकून ठेवलं होतं. तिने विचारलं, "हे काय शिवतोयस एवढं मोठं?"

"काही नाही," तो म्हणाला. मग एकदम म्हणाला, "तुझ्यासाठी करत होतो. बिघडलं माझ्या हातून."

तिने कापड उचललं. मग बाजूला पडलेली मापाची वही तिने उघडली, 'ठमीचं यंत्र' हे पान वाचलं, चार वेळा केलेली वॉटची बेरीज वाचली. पानं उलटताना तिचं स्वतःचं पानही समोर आलं असणार, कारण ती तिथे थोडी थांबली.

"हे सगळे भाग तू निवडलेस?"

"आत्या वाचून दाखवायची. माप मी घेतलं, पंखे काढून, आणि आता कार्ड दहा मिलिमीटरने अडतंय. चुकलं."

"फक्त दहा मिलिमीटर ना?" तिने पेटी स्वतःकडे ओढली आणि पुढची जाळी खटकन उपसली. माझा जीवच गेला, वाटलं तोडली. जाळीच्या आत लोखंडी चौकट होती, आणि दोन्हींच्या मध्ये रिकामी जागा. "पंखे चौकटीच्या आतून कशाला? बाहेरून लाव. माझ्या एका मैत्रिणीने असंच केलंय. पण मावतात का ते बघ."

दादाने टेप काढला. अठ्ठावीस मिलिमीटर.

"पंख्याची जाडी?" ती म्हणाली. "या वेळी खिसे भरून माप घे."

ती कुठून शिकली हे, असं विचारायचं कारण नव्हतं. लहानपण तिचं त्याच टेबलाखाली गेलंय. पंखा पंचवीस भरला. त्याने तीनदा मोजला, तिने मोजू दिला. पंखे बाहेर गेले आणि कार्ड टक् असा आवाज करत खाचेत बसलं. पेटीची काच लावून त्याने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा मात्र काळाच. दादाच्या कपाळावर घाम. "गेलं," तो म्हणाला.

"थांब, बाबा. पहिल्यांदा रॅम ओळखायला वेळ लागतो."

एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मी खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली होती की बोटं दुखायला लागली. आणि मग पडद्यावर अक्षरं आली. दादा खाली बसला, जमिनीवरच.

दुपार यंत्रात गेम आणि बाकी सगळं भरण्यात गेली. पाच वाजता ठमी कानाला हेडफोन लावून मैत्रिणींबरोबर खेळायला बसली. यंत्र गुणी निघालं, कुठे अडलं नाही. दादा दारात उभा राहून तिची पाठ बघत होता. एक डाव जिंकून तिने हेडफोन मानेवर उतरवला आणि मागे न बघता म्हणाली, "बाबा, मी दोनच ड्रेस आणलेत. मला वाटलं होतं, दोन दिवसच."

"हं," दादा म्हणाला.

"अजून शिवशील?"

"किती?"

"आठ दिवस पुरतील इतके."

दादा टेप शोधायला लागला. गळ्यात नाही, खिशात नाही, टेबलावर नाही. शेवटी मला दिसला. पेटीच्या काचेमागे, कार्डाच्या खाली, दिव्यांच्या उजेडात वेटोळं करून पडला होता. पंख्यात गेला नाही हेच नशीब.

"राहू दे, राहू दे," दादा घाईने म्हणाला. "तू खेळ. माप उद्या घेऊ."

"उद्या नको," ठमी म्हणाली. माइकवर तिने मैत्रिणींना सांगितलं, "थांबा गं थोडं, माझं माप घ्यायचंय." आणि तिने यंत्र बंद केलं, काच काढली, टेप त्याच्या हातात दिला. मग कुणी न सांगता खिसे रिकामे करायला लागली. मोबाईल, केसांचा चाप, चॉकलेटचा कागद. आणि परतीचं तिकीट, सोमवारचं. ते टेबलावर ठेवताना ती घुटमळली. "हे बदलून घेईन मी," म्हणाली, आणि सरळ उभी राहिली.

दादाने खांद्यापासून मनगटापर्यंत टेप धरला आणि आकडा बघून थांबला. "गेल्या वर्षीच्या बाह्या आखूड झाल्या असतील तुला."

"चार बोटं," ती म्हणाली. "पण घालते मी तो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्या दोघांना दिसू नये म्हणून मी उगाच चादरीवरचे स्क्रू गोळा करत बसले. दादाने वही उघडली. गेल्या वर्षीची कोरी ओळ तशीच सोडली आणि तिच्या खाली लिहायला घेतलं.