टेबलाच्या अलीकडची खुर्ची

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. लोक माझ्या ज्या ऐकून घेण्याचं कौतुक करतात, ते माझं नाही. मी ते एका माणसाकडून उचललं, आणि पहिल्यांदा वापरलं तेव्हाच त्या माणसाचं नाव खराब केलं.

त्यांना सगळे ‘कुर्सीवाले सर’ म्हणत. चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियात आमची मायक्रोस्कोप जोडणारी छोटी कंपनी. ते प्रॉडक्शनचे प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. ते अमरावतीचे, मी साताऱ्याचा. बाकी सगळा पंजाब, हरियाणा, हिमाचल. कुणी तक्रार घेऊन केबिनमध्ये आलं की सर उठायचे, आपली जड लाकडी खुर्ची दोन्ही हातांनी उचलायचे, टेबलाला वळसा घालून आणायचे आणि आलेल्या माणसाशेजारी ठेवून बसायचे. कंबर नेहमीची धरलेली. मी एकदा म्हणालो, “सर, अलीकडे एक जादाची खुर्चीच ठेवू या ना.”

“काहून? तेवढ्या वेळात त्याचा राग जरा बसते. अन् माझाही.”

दुसरी सवय, समोरच्याचं बोलणं त्यालाच परत सांगायची. “मतलब आप ये कह रहे हो कि…” अशी सुरुवात. याची कॅन्टीनमध्ये नक्कल करण्यात मी सगळ्यांच्या पुढे होतो. एकदा पॅकिंगमधला बलविंदर तणतणत आत आला. सर म्हणाले, “मतलब फोरमन ने छुट्टी नहीं दी?”

“छुट्टी तो दे दी जी! सबके सामने हँसा क्यों?”

तो गेल्यावर सर माझ्याकडे वळले. “पाहिलं? भांडण सुट्टीचं नव्हतंच. मी चुकीचं बोललो म्हणून खरं काय ते कळलं. आपलं चुकलं तरी चालते, बाप्पा. समोरचा दुरुस्त करते. फक्त घाई नाही करायची.”

हिवाळ्यात ते भाचीच्या लग्नाला अमरावतीला गेले, तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये मी बसत होतो. एका सकाळी हरजीत आला. भिंगं बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. माझ्यापेक्षा बराच मोठा, अबोल. दारात घुटमळला. मी उठलो, खुर्ची उचलली, वळसा घालून त्याच्याशेजारी बसलो. खोटं कशाला सांगू, मला मजा वाटत होती. जमतंय का बघू, एवढंच मनात होतं.

जमलं. “मतलब आपको किसी बात का डर है?” मी विचारलं, तर त्या माणसाचे डोळे भरले. काही दिवसांपासून त्याचे हात थरथरत होते. डॉक्टरकडे जायची छाती होत नव्हती. घरीही बोलला नव्हता. उठताना त्यानं माझा हात धरला. “बड़े सर को ही बताना जी. और किसी को नहीं.”

त्याच आठवड्यात मालकांनी बैठक घेतली. कुणाला कुठं हलवायचं यावर चर्चा चालली होती आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आपल्यालाही आतलं काही माहीत आहे, हे दाखवण्यापुरतं मी हरजीतचं सांगून टाकलं. सर परतायच्या आत त्याला भिंगांवरून काढून पॅकिंगला टाकलं होतं. हरजीतनं सरळ हिशेब केला. गोष्ट सरांसाठी होती, म्हणजे मी ती फोनवर सरांना कळवली असणार आणि ती सरांकडूनच वर गेली.

सरांनी त्याला बोलावलं, खुर्ची फिरवली, काय झालं ते पुन्हा पुन्हा विचारलं. तो “सब ठीक है जी” एवढंच म्हणत राहिला. मग त्यांनी मला बोलावलं. माझ्याशेजारीही खुर्ची आणून ठेवली.

“तू कुठं काही बोललास का रे?”

“नाही सर.”

“म्हणजे तू म्हणतोस, तू बोलला नाहीस.”

माझं खोटं त्यांनी माझ्यासमोर परत ठेवलं होतं. मी ते दुरुस्त करावं म्हणून. एवढं साधं होतं. मी म्हणालो, “हो.”

त्यानंतर हरजीत त्यांच्या केबिनमध्ये कधी गेला नाही. हळूहळू भिंगवाले बाकीचेही जाईनासे झाले. मी धीर करून म्हणालो, “सर, तुम्ही त्याला सांगत का नाही, की तुम्ही नाही बोललात म्हणून?”

“मी नाही म्हटलं, तर तो विचारेल, मग कोण?” एवढं बोलून ते कागद बघू लागले. त्या दिवशी खुर्ची टेबलामागेच होती. पुढंही माझ्यासाठी ती तिथंच राहिली. रागावले नाहीत, डब्यातली भाजी द्यायचे, कामाचं सगळं बोलायचे. टेबलापलीकडून.

निवृत्तीच्या दिवशी हार-मिठाई उरकल्यावर त्यांनी मला थांबवलं. कंबर सांभाळत उठले आणि खुर्ची घेऊन अलीकडे आले. दोघांच्या हातात चहा. काही विचारलं नाही, चहा संपेपर्यंत नुसते बसून राहिले. मी म्हणालो, “गाडी किती वाजताची आहे, सर?” त्यांनी वेळ सांगितली. कप खाली ठेवला.

मागच्या उन्हाळ्यात ते अमरावतीत वारले. मला फोनवर कळलं.

आता ती केबिन माझी आहे. एचआरवाल्यांनी ‘संवेदनशील संवाद’ नावाचं प्रशिक्षण सुरू केलंय आणि नव्या पोरांपुढं मला उभं करतात, सर से सीखो म्हणतात. मी खुर्ची फिरवून दाखवतो, “मतलब आप ये कह रहे हो” म्हणून दाखवतो. पोरं लिहून घेतात. मी दमून घरी येतो. मध्यंतरी मुलगी कॉलेजातलं काही सांगत होती आणि मी सवयीनं तिचंच वाक्य तिला परत दिलं. ती थांबली. “पापा, आप बस दोहराते हो. सुनते नहीं.” ती मराठीत बोलत नाही, पण इतकं नेमकं मला मराठीतही कुणी सांगितलं नव्हतं.

हरजीत आता चंडीगडजवळच्या खरड गावी मुलाकडे असतो. बलविंदर अधूनमधून भेटून येतो. हात फार कापतात म्हणे. सरांचं नाव निघालं की हरजीत आजही विषय बदलतो.

बोलले ते सर नव्हते, मी होतो. एवढं हरजीतच्या शेजारी बसून त्याला सांगायचं देणं माझ्यावर अजून आहे.