परीक्षेची बाई

हिराबाय गेली त्या दुपारी मी ओटीवर तांदूळ निवडत बसले होते. ती भिंतीशी उशा रचून डाव्या कुशीवर कललेली. "मागल्या दारची लाकडं आत घे गो, नायतर..." एवढं म्हणाली आणि थांबली. तिच्या थांबण्याची मला सवय होती. चार शब्द, मग दम, मग पुढचे चार शब्द, असंच ती बोलायची. म्हणून मी मान वर न करता खडे वेचत राहिले, वाक्य पुरं व्हायची वाट बघत. बराच वेळ बघितली. वाक्य काही आलं नाही... तिला जाऊन आता महिना उलटला.

हिराबाय माझी थोरली जाऊ. रेवसच्या अलीकडे खाडीला लागून आमचं गाव, बांध घालून समुद्राकडून सोडवलेली खारी भातशेती. लहानपणी तिला सांधे धरणारा ताप आला होता. ताप गेला, पण काळजाचं काहीतरी बिघडवून गेला, हे कळलं लग्नानंतर. लावणीला खाचरात उतरली की ओठ निळे पडायचे. मग ती बांधावर बसून आमच्या भाकऱ्या राखायची. मूल होऊ देऊ नका, असं वैद्यांनी बजावलेलं. सासूबाई येताजाता बोलायच्या, "सून आनली का बाहुली आनली?" हिराबाय हसायची. हसतानाही तिला दम लागायचा.

स्वराज्य आलं त्या सुमारास थोरल्या भावजींनी तिला लाँचनं मुंबईला, डॉक्टर घडवणाऱ्या मोठ्या इस्पितळात नेलं. मोठं म्हणजे तेव्हा दोन दगडी इमारती आणि मागे पत्र्याच्या शेडी, बाकीचे रोगी झाडाखाली. तिच्या दुखण्यावर खरं औषध नव्हतंच. पण काळजातला आवाज म्हणे इतका स्वच्छ, की मोठे डॉक्टर पोरांना हाका मारून ऐकवायला लागले. पुढच्या चैत्रात निरोप आला, पोरांची परीक्षा आहे, बाईंना पाठवा. तेव्हापासून दरवर्षी आम्ही दोघी जावा लाँचनं निघायचो. वॉर्डात तिचं नावच पडलं, परीक्षेची बाई.

सासूबाई संतापल्या होत्या. "परक्या पोरांम्होरं उघडी पडतेस, लाज न्हाय?"

"ती डोळं मिटतात, आत्याबाय. ऐकताना समदी डोळं मिटतात."

आणि खरंच, मी पडद्याआडून बघितलंय. कानात नळी, ओठावर घाम, डोळे गच्च मिटलेले. "डाव्या कुशीवर वळा... श्वास सोडा... धरा." हिराबाय वळायची, सोडायची, धरायची. मग परीक्षक विचारायचे, काय ऐकलंस? पोरगं हिराबायकडे बघायचं. तिनं बोलायचं नाही असा दंडक, ती नुसती छताकडे बघत राहायची. बाहेर आलो की मात्र सुरू व्हायची, "ह्यो बुडला गो. घाबरून नळी माझ्याच पोटावर इसरला." घरात जिचा कुणाला उपयोग नव्हता, तिची तिथं वर्षभर वाट बघायचे. सांगा, कशी नाही जाणार ती?

दर वर्षी ते इस्पितळ वाढलेलं दिसायचं. एका वर्षी शेडी गेल्या, बांबूंच्या परांच्या उभ्या राहिल्या. मग नवी इमारत, मग उचलून वर नेणारा पाळणा. मी जिन्यानंच गेले, हिराबाय रुबाबात पाळण्यानं. नळी धरणाऱ्यांत मुली दिसायला लागल्या. पहिल्या मुलीनं नळीची थंडगार चकती आधी स्वतःच्या तळहातावर घासून गरम केली होती. हे हिराबायनं येताना अख्ख्या लाँचला सांगितलं. आणि एका वर्षी बघतो तर काळजाच्या रोग्यांसाठी सबंध मजलाच वेगळा.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, काळजातलं एक दार नीट उघडत नाही, आता आत बोट घालून ते उघडता येतं.

"म्हंजे आमच्या बांधाची उघाडी अडकते तसंच," हिराबाय म्हणाली. बांधातल्या पाण्याच्या दाराला आम्ही उघाडी म्हणतो. डॉक्टरांनी ती कुठे बघितलेली असणार, पण त्यांनी मान हलवली.

शस्त्रक्रिया नवी होती. शेजारच्या खाटेवरची बाई त्यातून परत आली नव्हती. भावजी म्हणाले, "जिती हाय ना, तशीच ऱ्हाऊ दे." हिराबाय म्हणाली, "मला एकदा तरी... लावणी करायची हाय." सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माझी बाहुली परत आना, म्हंजे झालं."

परत आली. एक पावसाळा जाऊ दिला, आणि पुढच्या आषाढात सबंध खाचर लावलं तिनं. बोलायलाही लागली, अशी की कुणाला मधे शिरायला फट नाही. चैत्रात निरोप आला नाही, तरी ती लुगडं बदलून तयार. आम्ही गेलो. सिस्टर हसून म्हणाली, "अहो, आता तुमचं काही ऐकू येत नाही. परीक्षेला काय उपयोग?" परतीच्या लाँचवर ती भाऊच्या धक्क्याकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "बरी झाले नि नापास झाले गो."

बरीच वर्षं मिळाली तिला. मग वाक्यं पुन्हा तुटायला लागली. यंदाच्या पावसात तालुक्याचा डॉक्टर घरी आला. नळी लावली, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा तिच्याकडे बघतच राहिला. "बाई, तुम्ही माझ्या परीक्षेला होतात."

"पास झालास?"

"दुसऱ्या खेपेला."

"मंग आता... बरोबर सांग."

त्यानं बरोबर सांगितलं. दार पुन्हा आवळत चाललंय, मुंबईला न्या, तिथं आता मोठी यंत्रं आलीत, पुन्हा उघडतील. लाँच पावसासाठी बंद, म्हणून पेणवरून एसटीनं न्यायचं ठरलं. मी गाठोडं बांधायला घेतलं. तिनं माझा हात धरला. "दमले गो. एकदा उघडलं... त्येच्यात माझ्या लावण्या झाल्या. आता... पुरे." भावजींनी पुन्हापुन्हा विचारलं. मी रडून बघितलं. तिची मान हलेना. गाठोडं सोडलं.

लाकडं मी आत घेतली. पण एक झालंय बघा, बोलता बोलता आम्ही सगळेच मधे थांबतो. काल भावजी म्हणाले, "पेज वाढ, नि..." आणि थांबले; मीही पळी धरून थांबले. त्यांना कुठला आलाय दम? तिला श्वास घ्यायला लागायची तेवढी जागा घर अजून सोडतं. त्या जागेत मी डोळे मिटते, ती पोरं मिटायची तसे. काही ऐकू येत नाही. म्हणजे आता बरी असेल.