सोफ्याचा रंग

माझी शाळा चौथीपर्यंत. पण दूरदर्शनवरच्या त्या जुन्या विनोदी मालिकेबद्दल मला चार गोष्टी शिकवील असा माणूस डहाणू तालुक्यात अजून भेटलेला नाही. आठवड्यातून एकदा लागायची, हिंदीत. आमच्या आळीत टीव्ही एकट्या माझ्याकडे, काळा-पांढरा. बाकीचे हसत असत तेव्हा मी बघत असे. त्या घरातलं कॅलेंडर वर्षभर एकच महिना दाखवायचं. टेलिफोन वाजायचा, पण त्याला वायर नव्हती. जिन्यावरून माणसं खाली यायची, पण वर काय आहे ते एकदाही दाखवलं नाही. आणि मधूनच एकदम पुष्कळ माणसं हसायची, ती कुठे बसलेली असायची? हे मी अजून शोधतो आहे.

त्यात एक शेजारी होता. दार न वाजवता आत यायचा, "बैठूंगा नहीं, जल्दी में हूँ" बोलायचा आणि जेवून जायचा. हे बोलणं आमच्याकडे इतकं मुरलं की चिंचणीहून मासे घेऊन येणारी पोरगी टोपली उतरवताना तेच बोलते. मालिका संपली तेव्हा तिचा जन्म पण नव्हता. मी विचारलं, "हे कुठून शिकलीस?" तर बोलली, "माझी आय बोलते." आयला विचारायला सांगितलं, तर आयला पण ठाऊक नाही. बोलणं राहिलं, बोलणारा गेला. याचं मला फार नवल वाटतं.

आता सोफ्याची गोष्ट. त्या घरात एक लांब, पाठीचा सोफा होता. सगळं घर त्यावर बसून भांडायचं. मला तो इतका आवडला की वाडीतला पडलेला फणस चिरवून सुताराकडून तसाच बाक करून घेतला आणि ओट्यावर ठेवला. रंगाची वेळ आली तेव्हा मी बोललो, हिरवा. आमची मंडळी बोलली, "लाल होता. मरून. मी भावाकडे पाहिला."

तिचा भाऊ चिंचणीचा, तारापूरच्या कारखान्यात कामाला. त्याने नवा रंगीत टीव्ही घेतला होता, आणि त्याचं कौतुक मला आधीच फार ऐकावं लागलं होतं.

"तुझ्या भावाच्या टीव्हीचे रंग बिघडलेत," मी बोललो, आणि बाक हिरवा केला.

"मग तुम्हीच बसा त्यावर," ती बोलली.

मला वाटलं, रागाचं बोलणं आहे, उतरेल. तीस वर्षं ती त्या बाकावर बसली नाही. पायरीवर बसून वाल सोलले, पायरीवर बसून चिकू निवडले, लेकीच्या सोयरिकीला पाहुणे आले तेव्हाही पायरीवरच. मी पण कधी बस म्हटलं नाही. का म्हणू?

दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात तिचे गुडघे गेले. डॉक्टरने सांगितलं, खाली बसणं बंद, पायरीवर तर अजिबात नको. प्लास्टिकची खुर्ची होती, पण मागच्याच महिन्यात ही बसलेली असताना त्या खुर्चीचा पाय मोडला होता, त्यामुळे खुर्चीवर हिचा भरवसा नव्हता. उरला बाक. ही भिंतीला धरून पायरीवर उतरायची आणि उठताना असा आवाज काढायची की मला वाडीत ऐकू यायचा.

शेवटी मी बोललो, "अगं, बस ना बाकावर."

"रंग कुठला होता ते सांगा. बसते."

"हिरवा."

ती पायरीवर बसली.

त्याच वर्षी नवरात्रात आम्ही तलासरीला लेकीकडे गेलो. तिच्या सासरच्या आळीत दुपारी म्हाताऱ्या जोडप्यांसाठी जुन्या मालिकांवर प्रश्न-उत्तरं ठेवली होती. नवरा-बायकोने मिळून एकच उत्तर द्यायचं. प्रश्न विचारायला कोसबाडचे एक निवृत्त मास्तर. आमचे व्याही मला आधीच बोलले, "वेवाई, आज तुमचाच दिवस."

होताच. कॅलेंडर मी सांगितलं, टेलिफोनची वायर मी सांगितली. जिन्याचं तर मास्तरांनाच माहीत नव्हतं, त्यांनी लिहून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "घरातल्या सोफ्याचा रंग?"

हिने माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलं. हळूच बोलली, "मरून."

"हिरवा!" मी ओरडलो.

"चूक," मास्तर बोलले. "मरून."

मी उठून उभा राहिलो. "मास्तर, मी तो सोफा बघून बाक केलाय. तुम्ही मला शिकवता?"

मास्तर गरीब माणूस. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, त्यावर ती मालिका लावली आणि माझ्यापुढे धरली. सोफा मरून होता. शेजारी त्यावर बसून जेवत होता.

"मोबाईलच्या रंगाचा काय भरवसा?" मी बोललो. मांडव हसला. व्याही सगळ्यात जास्त. ही मात्र हसली नाही. घरी आल्यावर भिंत धरून पायरीवर बसली.

मला मरून सोफ्याचं दुःख नव्हतं. मला कळत नव्हतं ते हे की माझ्या डोळ्यांनी हिरवा पाहिला कसा? काळ्या-पांढऱ्या टीव्हीत मुळात रंग आला कुठून? हा प्रश्न तीस वर्षांत मला पडला नव्हता, तो त्या दिवशी पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून जुना टीव्ही खाली काढला. धूळ पुसली. काचेवर तो कागद अजून होता. त्या काळी डहाणूच्या बाजारात फेरीवाला विकायचा: पारदर्शक कागद, वर निळा पट्टा, मधे गुलाबी, खाली हिरवा. काचेवर लावला की झाला टीव्ही रंगीत. आकाश निळं दिसे, तोंडं गुलाबी. माणूस खाली बसला की तोंड हिरवं व्हायचं, त्याला आम्ही हसायचो. माणसाचं तोंड हिरवं नसतं एवढं मला कळत होतं. पण सोफा तर हिरवा असू शकतो. आणि सोफा कायम खालच्या पट्ट्यात.

मी कागद सोलून काढला आणि हिरवा पट्टा डोळ्यासमोर धरला. चुन्याची भिंत हिरवी झाली. मांजर हिरवी झाली.

तसाच सायकल काढून बाजारात गेलो. रंगवाला गुजराती, ओळखीचा. "काका, कयो कलर?" मी बोललो, "मरून. आणि कारण विचारू नको."

परत आलो तर ही पायरीवर वाल सोलत होती. मी डबा तिच्यासमोर ठेवला. ती डब्याकडे बघून बोलली, "हे काय?"

मी सांगणार होतो कागदाचं. फेरीवाल्याचं. त्याने मला फसवलं ते. पण तिने वालाची परडी बाजूला ठेवली आणि उठायला भिंतीला हात लावला, तो आवाज निघाला, आणि माझं सगळं लांबण तोंडातच राहिलं.

"तुझ्या भावाचा टीव्ही बरोबर होता," मी बोललो.

"आणि?"

"आणि माझा चूक."

"टीव्ही चूक की तुम्ही?"

वाडीत एक माणूस चिकू उतरवत होता, त्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने मी बोललो, "मी."

तिने डबा पायाने बाजूला सारला. "राहू द्या आता. तीस वर्षं हिरवाच बघितला, मरून मला परका वाटेल." मग माझ्या खांद्यावर भार देऊन ओट्यावर चढली, बाकाची धूळ पदराने झटकली आणि बोलली, "बैठूंगी नहीं, जल्दी में हूँ."

आणि बसली. जेवणाची वेळ होऊन गेली तरी उठली नाही. भात त्या दिवशी मीच लावला, तो थोडा करपला. मरून रंग मी नंतर फाटकाला लावला.